मोटरचा स्पीड 300 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) टिकत नाही, सिम्युलेशनमध्ये मात्र सगळं गुळगुळीत

सहावं_सेम_ईई (नागपूर):
मिनी प्रोजेक्टला 12 व्होल्टची गिअर मोटर, एल298एन ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारा बोर्ड) आणि अर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) आहे. स्पीड मोजायला शाफ्टवर 20 खाचांची चकती, सेन्सर दर खाचेला एक पल्स देतो. मॉडेल फर्स्ट ऑर्डर: पीडब्ल्यूएमच्या (मोटरला किती वीज द्यायची तो आकडा, 0 ते 255) एका काउंटला 4 आरपीएम, टाइम कॉन्स्टंट (स्पीड किती चटकन बदलतो त्याचं माप) 0.2 सेकंद. पीआय कंट्रोलरचे गेन: केपी (आताच्या चुकीवर) 2, केआय (साठत गेलेल्या चुकीवर, म्हणजे इंटिग्रलवर) 5. सिम्युलेशन मस्त, पण खरी मोटर गचके खाऊन राहिली. रीडिंग 0, 300, 600 अशा उड्या मारतं. सॅम्पल टाइम (दर किती वेळाने मोजायचं) 10 चा 100 मिलिसेकंद केला तर रीडिंग सुधारलं, हेलकावे वाढले. डी (चूक किती वेगाने बदलते त्यावरचा भाग) लावून पाहू का?

लूपवाला:
डी अजिबात नको, त्याने उड्या आणखी मोठ्या होतील. आधी गणित बघ. 300 आरपीएम म्हणजे सेकंदाला 5 फेरे, 100 पल्स. 10 मिलिसेकंदांत पल्स येते एकच! म्हणजे एक पल्स इकडची तिकडे झाली की 300 आरपीएमची चूक; केपी 2 ने गुणलं की 600. पीडब्ल्यूएम 0 नाहीतर 255 वर आपटणारच.

100 मिलिसेकंदांचं दुखणं वेगळं. मोजणीचे सरासरी 50 आणि पुढच्या मोजणीपर्यंत पीडब्ल्यूएम गोठलेला राहतो त्याचे 50, असा 100 मिलिसेकंदांचा उशीर. तुझा क्रॉसओव्हर (लूपचा गेन 1 होतो ती फ्रिक्वेन्सी) 40 रेडियन प्रतिसेकंदाच्या आसपास, तिथे हा उशीर 229 अंश फेज खातो, म्हणजे दुरुस्ती चुकीच्या वेळी पोचते. नुसत्या फर्स्ट ऑर्डर मॉडेलमध्ये तो नाहीच, म्हणून ते कितीही गेनला अस्थिर होत नाही.

पल्स मोजू नकोस, दोन पल्समधला वेळ मोज. इंटरप्ट (पल्स येताच कोड चालवणारी) पिन 2 वर, मायक्रोज() या वेळ देणाऱ्या फंक्शनने. 300 ला ते अंतर 10,000 मायक्रोसेकंद येतं आणि उनोचं रिझोल्यूशन 4 मायक्रोसेकंद आहे. 100 मिलिसेकंद पल्स आली नाही तर स्पीड शून्य धर, नाहीतर मोटर थांबली तरी जुनाच आकडा दिसत राहील.

बर्डीकर:
सेन्सर एलएम393 (कंपॅरेटर चिप) वालं मॉड्यूल असेल तर एका खाचेला दोन-दोन पल्स येतात. आउटपुट आणि ग्राउंडमध्ये 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लाव, बर्डीत (आपल्या नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) कुठेही मिळेल. कोडमध्येही 1 मिलिसेकंदाहून जवळची पल्स टाकून दे. खाचा सारख्या कापलेल्या नसतात, तेव्हा दोन-तीन पल्सची सरासरी घे; पूर्ण 20 ची घेतलीस तर ती 200 मिलिसेकंदांची होते, म्हणजे सरासरी 100 मिलिसेकंदांचा उशीर परत दारात.

सहावं_सेम_ईई:
पल्समधला वेळ मोजला, रीडिंग 290 ते 310 मध्ये आलं. आता गेन किती ठेवू?

लूपवाला:
क्लोज्ड लूपचा टाइम कॉन्स्टंटही 0.2 च ठेव. केपी = 0.2 ÷ (4 × 0.2) = 0.25, केआय = 0.25 ÷ 0.2 = 1.25. सॅम्पल टाइम परत 10 मिलिसेकंद कर आणि कोडमध्ये केआयला त्या 0.01 सेकंदाने गुणायला विसरू नकोस, नाहीतर इंटिग्रल शंभरपट धावेल. पीडब्ल्यूएम 255 ला टेकला की बेरीज थांबव. ते जमलं की नाही हे बघायला चकती बोटाने तीन सेकंद धरून सोड: स्पीड क्षणभर 300 च्या वर उसळला तर चालेल, पण सेकंदभर पूर्ण वेगात राहिला तर इंटिग्रल अजून फुगतोच आहे.