मदत हवी आहे : ठाण्यात गाण्यांच्या सीडी भाड्याने देता येतील का?

नमस्कार मंडळी. नौपाड्यात आमचा छोटा गाळा आहे. बाबांनी जमवलेल्या शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या अस्सल सीडी तिथून आठवड्याच्या भाड्याने द्याव्यात, असं फार मनात आहे. ही गाणी कपाटात पडून राहू नयेत. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १४ वाचलं. सीडी आपण विकत घेतलेली असली, तरी ती धंदा म्हणून भाड्याने देण्याचा हक्क ध्वनिमुद्रणाच्या मालकाचाच. २०१२च्या दुरुस्तीत ना-नफा ग्रंथालयाला मात्र मोकळीक आहे. मग ट्रस्ट नोंदवून सभासदांकडून वर्गणी घेतली तर चालेल का? की कंपनीकडून रीतसर परवानगी कोणी मिळवली आहे? आणि घरी सीडी प्लेअर चालू असलेले किती जण आहात? वर्गणी किती परवडेल, तेही सांगा. वकील मंडळींनी जरूर लिहावं.