पिण्याआधीची गोळी आमच्याकडे?

भाऊ, "पिण्याआधी कॅप्सूल घ्या, सकाळी डोकं दुखणार नाही" हा तुमचा धंदा पुण्या-मुंबईच्या पार्ट्यांत चालेलही. आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. तरी मिळते ती मोहाची, पन्नीत बांधलेली, सोबत फार तर मूठभर फुटाणे. दिवसभर धान रोवून उपाशीपोटी पिणाऱ्याला आधी जेवण पाहिजे. शरीरात दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन होतं, ते मुख्यतः यकृतच आपल्या गतीनं निपटवतं. पाकिटावर 'लिव्हरचा आजार बरा होतो' छापाल तर एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात अडकाल. वर "गोळी घेतली ना" म्हणत माणूस अजून एक पन्नी मारणार, लिहून घ्या! चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली. विकायचंच असेल तर तिकडच्या बारवाल्यांना विचारून बघा.