मदत हवी आहे: मोडी लिप्यंतरांच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणायच्या आहेत, हा प्रश्न कुठे विचारू?

बोरू:
नमस्कार मंडळी. हा समूह मोडी वाचणाऱ्यांचा आहे आणि माझा प्रश्न संगणकाचा, त्यामुळे जागा चुकली असेल तर योग्य जागा सांगा.

मोडी कागदांची देवनागरी लिप्यंतरं आहेत, सुमारे ४०० पानं, २००३ च्या आसपास डीटीपीवर जुळवलेली. काही वर्डच्या फायली, काही पेजमेकरच्या, काहींची फक्त पीडीएफ उरली आहे. वर्डची फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोड (सगळीकडे चालणारे ठरलेले अक्षरसंकेत) करून देणाऱ्या ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढल्यावर तीन गोष्टी बिघडतात:
१) 'कि' च्या जागी 'िक' येतं, 'धर्म' मधला रफार भलत्याच अक्षरावर जातो.
२) 'शाळा' चं 'ााळा' होतं, म्हणजे श गायब.
३) जमाखर्चातले १।, १॥, १॥। हे आकडे एकमेकांत मिसळतात.

जुळारी:
प्रश्न एक दिसत असला तरी त्याची उत्तरं वेगवेगळ्या लोकांकडे आहेत. अख्खा एकाच ठिकाणी टाकलात तर प्रत्येकजण 'हे आमचं नाही' म्हणेल. म्हणून आधी तो फोडा, आणि फोडण्याआधी फॉन्टचं नेमकं नाव काढा.

वर्डमध्ये मजकुरावर क्लिक केलं की फॉन्टच्या चौकटीत नाव दिसतं, तो फॉन्ट संगणकावर नसला तरी. पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून कंट्रोल-डी दाबा आणि 'फॉन्ट्स' हा टॅब बघा. नावाआधी सहा इंग्रजी अक्षरं आणि अधिकचं चिन्ह असेल तर तेवढा भाग सोडून वाचा. फॉन्टमधली फक्त वापरलेली अक्षरंच पीडीएफमध्ये भरली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. फॉन्टची यादी रिकामी असेल तर ते बहुधा स्कॅन केलेलं चित्र आहे, आणि त्याचा मार्ग वेगळा.

नाव का लागतं? या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले आहेत, आणि कुठला तुकडा कुठे हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. कृतिदेव ०१० मध्ये 'मराठी' हा शब्द फाइलमध्ये छोटा ई, छोटा जे, छोटा के, मोठा बी, छोटा एच असा साठवलेला असतो. श्री-लिपीत हीच अक्षरं दुसरंच काही दाखवतील. कन्व्हर्टर चुकीच्या फॉन्टचा निवडला तर वाचता न येणारी देवनागरी मिळते.

बोरू:
वर्डच्या फायली कृतिदेव ०१०. पेजमेकर आणि पीडीएफमध्ये श्री-देव (म्हणजे श्री-लिपीचे), पुढे चार आकडे.

जुळारी:
मग पहिल्या दोन अडचणींचं उत्तर इथेच देतो.

कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा: वेलांटी व्यंजनानंतर, आणि रफाराचा 'र्' पुढच्या अक्षराच्या आधी. कन्व्हर्टरने नुसती अदलाबदल केली आणि क्रम फिरवला नाही की 'िक' मिळतं. साधा कन्व्हर्टर 'कि' नीट करतो पण 'स्थिती' ला अडखळतो, कारण तिथे वेलांटीला अख्खं जोडाक्षर ओलांडून जायचं असतं. 'सर्वांनी' सारख्या शब्दात तर काही फॉन्टांत रफार आणि अनुस्वार मिळून एकच खूण असते. म्हणून ४०० पानं घालण्याआधी कन्व्हर्टरला ही ओळ द्या:

किंमत, स्थिती, कीर्ती, मूर्तिकार, सर्वांनी, राष्ट्र, दऱ्याखोऱ्या, विशेष, शाळा, ज्ञान, श्रीमंत, ऋण, कॉलम, ॲक्ट

ही ओळ कृतिदेवमध्ये टाइप करून बघा. एकही शब्द बिघडला तर तो कन्व्हर्टर सोडा.

श चं कारण निराळं आहे. कृतिदेवमध्ये अर्धा श म्हणजे सरळ एकेरी अवतरणचिन्ह आणि अर्धा ष म्हणजे सरळ दुहेरी. वर्ड ही चिन्हं आपोआप बाकदार करतं, अगदी 'शोधा आणि बदला' करतानाही. बाकदार चिन्ह कन्व्हर्टरच्या तक्त्यात नसतं, मग अर्धा श गळतो आणि त्याचा काना मागे उरतो. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स इथे जाऊन 'ॲज यू टाइप' च्या टॅबमध्ये बाकदार अवतरणचिन्हांची खूण काढा. त्याच खिडकीत 'ऑटोकरेक्ट' च्या टॅबमध्ये वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करण्याचीही खूण काढा. या फॉन्टात छोटं आणि मोठं अक्षर म्हणजे दोन वेगळे तुकडे. मग मूळ फाइलच्या प्रतीवर बाकदार चिन्हं पुन्हा सरळ करून घ्या.

शाईदौत:
पेजमेकरबद्दल. मजकूर नुसत्या टेक्स्टमध्ये काढू नका. फॉन्टची माहिती गेली की मधले इंग्रजी शब्द आणि देवनागरी यांत फरक करता येत नाही, आणि कन्व्हर्टर इंग्रजी शब्दांचीही देवनागरी करून टाकतो. आरटीएफमध्ये (फॉन्टची माहिती जपणारा फाइलप्रकार) काढा, आणि फक्त त्या फॉन्टचे तुकडे निवडून बदला. पेजमेकरमध्ये प्रत्येक मजकूर-धागा (जोडलेल्या चौकटींतला सलग मजकूर) वेगळा एक्सपोर्ट करावा लागतो, आधी टेक्स्ट टूल त्या धाग्यात ठेवून. पेजमेकर नसेल तर इनडिझाइन सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६.० आणि पुढच्या फायली उघडतात. त्यानंतरच्या नाहीत.

आता कुठे विचारायचं. श्री-लिपीच्या तक्त्याबद्दल थेट बनवणाऱ्यांना, म्हणजे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकला लिहा. फॉन्टचं पूर्ण नाव आणि चार आकडे द्या. आयएसएमचे (सी-डॅकचं भारतीय भाषांचं सॉफ्टवेअर) फॉन्ट निघाले तर सी-डॅक, पुणे. लिब्रेऑफिसच्या (वर्डसारखा मोफत प्रोग्राम) अडचणी 'आस्क लिब्रेऑफिस' वर. स्कॅन केलेली पानं टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) वाचायची असतील तर ३०० डीपीआयवर स्कॅन करा आणि मराठीचं मॉडेल निवडा. वापराबद्दलचे प्रश्न टेसरॅक्टच्या वापरकर्ता गटात टाका, दोष नोंदवण्याच्या जागी टाकलेत तर बंद करतात.

कुठेही विचारा, पण सोबत एवढं द्याच: फॉन्टचं नाव, प्रोग्रामची आवृत्ती, मूळ फाइलमधल्या तीन ओळी, कन्व्हर्टरने काय दिलं, आणि काय यायला हवं होतं. मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो कामाचा नाही, त्यातून फाइलमधले संकेत कळत नाहीत. आणि अख्खी फाइल चढवू नका. घराण्यांचे वाटणीपत्रांसारखे कागद असतील तर मालकांची परवानगी लागेल.

कारकून:
तिसरी अडचण मात्र दुसरीकडे नेऊ नका, ती या समूहाचीच आहे. फॉन्टवाल्यांना आणि प्रोग्रामरना उभ्या रेघा म्हणजे पूर्णविराम वाटतात. जमाखर्चात १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन, हे त्यांना कळायचा मार्ग नाही. बरेच कन्व्हर्टर '।।' दिसलं की त्याचा '॥' करतात, कधी '।' चा टिंब. मग सव्वाचा एक आणि पुढे पूर्णविराम झाला, की बेरीज कायमची चुकली.

उपाय असा. बदलण्याआधी, जुन्या फाइलच्या प्रतीतच, अंकाला लागून आलेल्या रेघा शोधा आणि त्या जागी खुणेचे शब्द घाला: पाव_, अर्धा_, पाऊण_. तीन रेघांपासून सुरुवात करा, मग दोन, मग एक; उलट केलंत तर पाऊणचा पाव आणि अर्धा होईल. हे शब्द त्याच फॉन्टात नकोत, साध्या इंग्रजी फॉन्टात इंग्रजी अक्षरांनी घाला आणि फक्त जुन्या फॉन्टचे तुकडे बदला, म्हणजे कन्व्हर्टर त्यांना हात लावणार नाही. बदल झाल्यावर परत रेघा करा.

परत करताना काय वापरायचं हे आधीच ठरवा. युनिकोडमध्ये पाव, अर्धा, पाऊण यांना स्वतंत्र चिन्हं आहेत, संकेत ए८३० ते ए८३२. अर्थाच्या दृष्टीने तीच बरोबर, पण फार थोड्या फॉन्टांत आहेत आणि वाचकाला रिकामी चौकट दिसू शकते. छापायचं असेल तर साधा दंड '।' आणि '॥' पुरे. दोन्हींची सरमिसळ मात्र नको, शोध लागत नाही.

'दऱ्या' मधल्या र चंही तसंच. तो दोन प्रकारे साठवता येतो: नुक्ताधारी ऱ (०९३१) आणि पाय मोडून, किंवा साधा र, पाय मोडून, आणि अदृश्य जोडखूण (२००डी). दिसायला सारखे, शोधताना वेगळे. वेबवरच्या काही चौकटी अदृश्य खूण काढून टाकतात आणि 'दऱ्या' चा 'दर्या' होतो. मी ०९३१ घ्या म्हणेन.

बोरू:
चाचणीची ओळ दिली. एका कन्व्हर्टरमध्ये फक्त 'ॲक्ट' बिघडतं, बाकी सगळं नीट. ४०० पानं तपासायची कशी?

जुळारी:
ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, म्हणून जुने कन्व्हर्टर 'अ' वर चंद्र ठेवतात. शेवटी एकदा 'शोधा आणि बदला' केलं की झालं.

तपासणीसाठी लिब्रेऑफिसच्या शोध-चौकटीत 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स' चालू करा आणि दोन शोध घ्या: [ा-ौ][ा-ौ] म्हणजे लागोपाठ दोन स्वरचिन्हं, आणि (^| )[ा-्] म्हणजे शब्दाच्या सुरुवातीलाच आलेलं चिन्ह. गळलेले श आणि उलटी वेलांटी बहुतेक यातच सापडतील. जमाखर्चाची पानं मात्र मूळ छापील प्रतीशी आकडा-आकडा ताडून बघा, आणि प्रत्येक पानाची बेरीज करा.