मदत हवी आहे : इन्सुलिनच्या तपासणीआधी व्यायाम किती दिवस थांबवावा?

माझे वय 46, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 5.9 असून औषध चालू नाही. थायरॉइड नॉर्मल आहे आणि आहारात बदल केलेला नाही. गुडघ्यामुळे धावणे वर्ज्य, म्हणून सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर भरभर चालते आणि संध्याकाळी रबरी पट्ट्यांचे व्यायाम करते. वजन जैसे थे असले तरी कमरेचा घेर कमी झाला, हे परकराची नाडीच सांगते. उपाशीपोटीचे इन्सुलिन 18 वरून 12 वर आणि साखर 104 वरून 99 वर आल्याने होमा-आयआर (या दोन आकड्यांवरून काढलेला, शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही हे सांगणारा निर्देशांक) सुमारे 4.6 वरून 2.9 झाला.

अडचण अशी की, एकदाच केलेल्या व्यायामानेही स्नायूंची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता 24 ते 48 तास वाढलेली राहू शकते. त्यामुळे ही सुधारणा आदल्या संध्याकाळच्या व्यायामाची, की पोटावरची चरबी घटून लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन या चरबीतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमध्ये पडलेल्या फरकाची, हे मला ठरवता येत नाही. (लॅबवाले ॲडिपोनेक्टिनचा नमुना बाहेरगावी पाठवावा लागेल म्हणतात, आणि तो खर्च मला तूर्त अनाठायी वाटतो.)

टिकाऊ सुधारणा कळावी यासाठी रक्त देण्यापूर्वी व्यायामात नेमका किती दिवसांचा खंड ठेवावा, आणि ॲडिपोनेक्टिनचा आकडा हाती आला तरी पुढील उपचारात त्याने काही फरक पडतो का?