पगार थकला तर बोट अरेस्ट करायची की कळ काढायची?

खाडीकाठ:
माझा भाचा एका टँकरवर एबी, म्हणजे डेकवरचा खलाशी आहे. सात महिने पगार नाही. बोट परदेशी झेंड्याची, आणि खरा मालक कोण ते करारावरूनही धड कळत नाही. गेल्या महिन्यात हीच बोट मुंबईच्या अँकरेजला अकरा दिवस उभी होती. पोरांचं ठरत आलं होतं की हायकोर्टात जायचं आणि बोट अरेस्ट करायची, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने बंदरातच अडकवायची. तेवढ्यात एजंटाचा माणूस लॉन्चने वर आला. दोन पोती तांदूळ, थोडे कांदे-बटाटे दिले आणि 'शुक्रवारी पैसे जमा होतील' म्हणून सांगून गेला. शुक्रवारी पहाटे बोटीने नांगर उचलला. पैसे अजून यायचेत.

माझं मत सांगतो, पटत नसेल तर भांडा. दोन महिने पगार नाही आणि बोट आपल्या बंदरात आहे, तर एजंट, युनियन, डीजी शिपिंग (सरकारचं जहाज खातं) सगळं नंतर. आधी अ‍ॅडमिरल्टीची, म्हणजे समुद्री दाव्यांची कामं करणारा वकील गाठायचा आणि बोट अरेस्ट करायची. २०१७ चा अ‍ॅडमिरल्टी कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. त्यात खलाशाच्या पगाराचा बोजा थेट बोटीवर बसतो, तोही बँकेच्या गहाणाच्या आधी. असं असताना आपली पोरं तांदळाच्या पोत्यावर गप्प का बसतात?

बंदरपार:
भाच्याचं वाईट वाटतं, पण हा सल्ला सरसकट देऊ नका. मी बावीस वर्षं क्रूइंगमध्ये, म्हणजे बोटींना खलाशी पुरवण्याच्या धंद्यात काढली आहेत. बोट अरेस्ट झाली म्हणजे पोरं बॅगा भरून घरी निघाली असं होत नाही. किमान क्रू बोटीवर ठेवावाच लागतो. ज्यांनी केस केली तेच वर अडकतात. डिझेल संपलं की जनरेटर बंद, फ्रीजर बंद, मग कोंबड्या समुद्रात. अशा एका बोटीवर मी गेलो होतो. केबिनमध्ये उकाड्याने बसवत नव्हतं म्हणून पोरं हॅच कव्हरवर गाद्या टाकून झोपायची, आणि पावसाचं पाणी रंगाच्या रिकाम्या ड्रमात धरायची. लिलावाला महिनोन् महिने जातात. आणि एवढं करून पोरगा पुन्हा काम मागायला आला की त्याची फाइल गठ्ठ्यात सगळ्यात खाली जाते.

खाडीकाठ:
खाली कोण ठेवतं हो ती फाइल? तुमचेच लोक ना?

बंदरपार:
मीही ठेवली आहे. खोटं कशाला बोलू.

फोर्टातली वकीलबाई:
काका, लिलावाची भीती घालताय ती रिकाम्या, म्हाताऱ्या बोटीला लागू आहे. तिची किंमत कर्जापेक्षा कमी असते, मालक हात वर करतो. बोटीत माल असेल तर चित्र बदलतं. दावा मालकावर नसतो, खुद्द बोटीवर असतो, त्यामुळे मालक सापडला नाही तरी अडत नाही. ऑर्डर झाली की शेरीफच्या ऑफिसचा माणूस वॉरंट बोटीवर चिकटवतो, पोर्टला आणि कस्टम्सला कळवलं जातं आणि बंदर सोडायचा क्लिअरन्स थांबतो. मग मालवाल्यांचे फोन सुरू होतात, आणि महिनोन् महिने न सापडलेला मालक दोन दिवसांत कोर्टात सिक्युरिटी (दाव्यापोटी हमी) भरायला उभा राहतो. हे मी पाहिलंय.

आणखी एक. पगाराचा हा हक्क रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षं टिकतो. मधे बोट विकली, नाव बदललं तरी तो बोटीबरोबरच फिरतो. भाच्याला म्हणावं, कराराचं पान न् पान, सीडीसीचे (खलाशाच्या नोंदवहीचे) शिक्के, पगाराचे हिशेब यांचे फोटो आजच घरी पाठव. फोन काढून घेतल्यावर सुचून उपयोग नाही.

मुरगांवकर:
वकीलबाई, तुमचा कायदा पैसेवाल्यांच्या उपयोगाचा. 'एलिझाबेथ' बोटीचं प्रकरण आमच्या मुरगांवचं. १९८४ च्या फेब्रुवारीत गोव्यातल्या एका कंपनीचा माल घेऊन बोट कागदपत्रं न देताच निघून गेली. पुढे विशाखापट्टणमला तिला अरेस्ट केलं, तर समोरून मुद्दा काय, तर जुन्या ब्रिटिश कायद्यात बंदरात येणाऱ्या मालाचं लिहिलंय, हा तर बाहेर जाणारा! तो मुद्दा सुप्रीम कोर्टाने फेटाळला १९९२ मध्ये. आठ वर्षं. माल पाठवणारा थांबू शकला. कर्जाचा हप्ता भरणारा एबी थांबेल?

फोर्टातली वकीलबाई:
त्याच निकालामुळे आता तो वाद कुणाला आठ वर्षं घालावा लागत नाही.

डेक_फिटर:
वकिलाची फी कोण भरणार, ते कुणीच बोलत नाही. वकिलाआधी मेसरूमच्या भिंतीवर जा. एमएलसीप्रमाणे, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे, तिथे विम्याचं सर्टिफिकेट लावलेलं असायला हवं. २०१७ च्या जानेवारीपासून तो नियम आहे. दोन महिने पगार नाही म्हणजे क्रू वाऱ्यावर सोडला असं धरतात, आणि विमावाल्याने चार महिन्यांपर्यंतचा पगार, जेवणखाण आणि घरचं तिकीट द्यायचं. पहिला फोन तिथे, दुसरा आयटीएफच्या (वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय युनियनच्या) इन्स्पेक्टरला. आयटीएफच्या मोजणीत २०२४ साली अशा ३१२ बोटी होत्या, आणि त्यांवर सगळ्यात जास्त माणसं आपलीच.

खाडीकाठ:
सर्टिफिकेट आहे ना. भाच्याने फोटो पाठवला. मुदत मार्चमध्येच संपली आहे.

डेक_फिटर:
मग मी माझे शब्द मागे घेतो. वकील बघा.

मीनल_दापोली:
माझे मिस्टर आखातात तेरा महिने अडकले होते. बोट कधी भारतात आलीच नाही, त्यामुळे इथलं कोर्ट आम्हाला कामाचं नव्हतं. शेवटी साठ टक्के घेतले आणि 'आता काही येणं नाही' अशा कागदावर विमानतळाजवळच्या हॉटेलात सही केली. नातेवाईक अजून सुनावतात, लढायला हवं होतं म्हणून. ते घरी आले तेव्हा धाकटी त्यांच्याकडे जाईना. दादा, तुमच्या भाच्याला कोणी साठ टक्के देत असेल तर मी तरी घे म्हणेन.

खाडीकाठ:
ताई, तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण बोट तुमच्या दारात अकरा दिवस उभी असती तर?

मीनल_दापोली:
तर माहीत नाही.

फोर्टातली वकीलबाई:
बोट आत्ता कुठे आहे?

खाडीकाठ:
अ‍ॅपवर नऊ दिवसांपूर्वी यूएईतल्या फुजैराजवळ दिसली होती. त्यानंतर सिग्नल नाही. भाचा म्हणतो माल भरलाय, कुठे न्यायचा ते कॅप्टन सांगत नाही.

बंदरपार:
बोटीचं नाव आणि एजंटाचं नाव मला खाजगीत पाठवा. पुढचं बंदर मी उद्यापर्यंत काढतो, अजून दोनचार जण फोन उचलतात माझा.

फोर्टातली वकीलबाई:
कांडला निघालं तर लगेच कळवा. तिथे मुंबई हायकोर्ट चालत नाही, अहमदाबादला धावावं लागेल. तिथल्या वकिलाला मी आजच बोलून ठेवते.