ऑपेरा गायक पावारोत्तीने १९९० नंतर मैदानातल्या मैफली धरल्या ते चुकलंच, तुम्हाला काय वाटतं?

तारसप्तक:
लुचानो पावारोत्ती, मोदेनाच्या बेकरीवाल्याचा पोरगा, १९६१ ला पुच्चीनीच्या 'ला बोएम' या ऑपेरातल्या रोदोल्फोच्या भूमिकेपासून सुरुवात केली आणि १९७२ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दोनिझेत्तीच्या एकाच आरियात (ऑपेरातलं एकट्याचं गाणं) नऊ वेळा वरचा 'सी' हा फार उंच सूर असा लावला की लोकांनी १७ वेळा पडद्याबाहेर बोलावलं. ऑपेराचा गळा माइकशिवाय ऑर्केस्ट्राच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, तीच तर त्याची ताकद! असा माणूस मैदानात माइकवर गायला याचं मला फार वाईट वाटतं.

मैफलवेडी:
अजिबात नाही पटलं. १९९० च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी बीबीसीने त्याचं 'नेस्सुन दोर्मा', म्हणजे पुच्चीनीच्या 'तुरांदोत' ऑपेरातली कालाफची आरिया, घराघरात नेलं, मग रोमला काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत दोमिंगो आणि कारेरास या दोन गायकांसोबतची मैफल, कारेरास तेव्हा नुकताच ल्युकेमियातून उठला होता. ऑपेरा हाउसची पायरीही न चढलेली माणसं पुच्चीनी ऐकायला लागली. १९९३ ला सेंट्रल पार्कात पाच लाखांच्या आसपास लोक होते, तेही फुकटात.

तारसप्तक:
ऐकलं काय पण? सुटी काढलेली एक आरिया. कालाफचं नाव कळेपर्यंत शहरात कोणी झोपायचं नाही असा राजकन्या तुरांदोतचा हुकूम असतो, हे माहीत नसेल तर शेवटचा 'विन्चेरो' ('मी जिंकेन') नुसता उंच सूर उरतो. आणि १९९२ ला मोदेनाच्या मैफलीत रेकॉर्ड लावून ओठ हलवले, त्याच डिसेंबरात मिलानच्या ला स्काला ऑपेरा हाउसात 'दॉन कार्लो'त आवाज फाटला आणि प्रेक्षकांनी हुर्यो केली. मैदानांनी तयारीची सवय घालवली.

षड्जपंचम:
तारसप्तक, तारखा बघा ना जरा. शिकागोच्या लिरिक ऑपेराने १९८९ लाच संबंध तोडले, ४१ पैकी २६ प्रयोग रद्द केले म्हणून. म्हणजे ढिलाई काराकाल्लाच्या आधीची आहे, तिचं खापर मैदानांवर कसं फोडता?

मैफलवेडी:
अगदी हेच! शिवाय त्याच्या मैफलींच्या पैशातून बोस्नियात मोस्तारला १९९७ ला संगीत केंद्र उभं राहिलं, युद्धातून गेलेल्या मुलांसाठी. हे नुसत्या ऑपेरा हाउसच्या जोरावर झालं असतं का?

तारसप्तक:
मोस्तारबद्दल आदरच आहे, शिकागोची तारीखही बरोबर. पण नवीन माणसाला मैदानातला व्हिडिओ पाठवू नका हो, संगीत संचालक कारायानसोबतचं १९७२ चं 'ला बोएम'चं रेकॉर्डिंग द्या. त्यात नायिका मिमी म्हणून मिरेल्ला फ्रेनी आहे, तीही मोदेनाचीच, दोघांच्या आया एकाच तंबाखूच्या कारखान्यात कामाला होत्या.

मैफलवेडी:
देईन की, पण काराकाल्ला ऐकवल्यानंतर.