‘ण’वरून नाव सुचवा

(ग्वाल्हेर, जनकगंजच्या घरचा फॅमिली ग्रुप. बारसं रविवारी.)

चिन्मय: गुरुजींनी बाळाची पत्रिका पाठवली. हस्त नक्षत्र, तिसरा चरण, कन्या रास. अक्षर आलंय ण. मंडळी, ‘ण’वरून मुलीचं नाव सुचवा.

बंडू मामा: णंदिनी, णलिनी, णिलांबरी. आणखी हवीत?

केतकी: मामा!! ण बाणाचा. तो शेवटी येतो, सुरुवातीला कसा येणार?

अण्णा काका: येतो. प्राकृतात येतो. किल्ल्याखाली गोपाचलाला जैन मूर्तींपाशी उभं राहून ऐका, ‘णमो अरिहंताणं’. संस्कृतात मात्र अशी नावं मिळत नाहीत. 27 नक्षत्रांचे प्रत्येकी चार, असे 108 चरण. त्यांना अक्षरं वाटताना आर्द्रेच्या वाट्याला ङ आला, उत्तराभाद्रपदेच्या ञ आणि हस्ताच्या ण. घाबरायचं कारण नाही. अशा वेळी त्याच राशीचं दुसरं अक्षर घेतात. कन्येला प आणि ठ आहेत.

बंडू मामा: ठ म्हणजे ठकी. आमच्या आजीच्या पिढीत दर वाड्यात एक असायची.

नेहा: मामा, तुमचं बारशाचं आमंत्रण रद्द.

नेहा: खरं सांगू का, मी एका अॅपवर दोन नावं काढून ठेवली होती. कियारा आणि नायरा. अक्षर जुळत नाही, पण दोन्हीपुढे लिहिलंय ‘संस्कृत, अर्थ तेजस्वी’.

अण्णा काका: आपट्यांचा संस्कृत कोश समोर उघडा आहे. दोन्ही नाहीत.

मंदार: बाबा, कियाराचं मी सांगतो. माझ्या टीममध्ये एक किआरा आहे, इटालियन. ते लॅटिन ‘क्लारा’वरून आलंय, अर्थ उजळ, स्वच्छ. आणि आयर्लंडच्या एकीचं नाव कीरा, ते आयरिश ‘किआर’वरून, अर्थ काळा, सावळा. म्हणजे एका देशात उजेड, दुसऱ्यात अंधार. अॅपवाल्यानं उजेड उचलला आणि पुढे संस्कृत चिकटवलं.

बंडू मामा: आणि ग्वाल्हेरात कियारी म्हणजे वाफा. शेजारीण हाक ऐकून विचारणार, टमाटर लावलेत का?

मंदार: नायरा हे नायजेरियाचं चलन आहे, 1973 पासून. दक्षिण अमेरिकेत आयमारा भाषेत ‘नायरा’ म्हणजे डोळा.

नेहा: डोळा? मग नयनाच्या जवळच आलं की!

अण्णा काका: ऐकायला जवळ, नातं काही नाही. असं जुळलं की लगेच पूर्वज काढायचे नाहीत. ह्या अॅपांचं एक बघून ठेवलंय मी. नाव कुठलं ते कळलं नाही, की अर्थ तीनच. तेजस्वी, राजकन्या, नाहीतर देवाची देणगी. आता देवाची देणगी हा अर्थ खोटा नाही, पण तो ज्यांचा आहे त्यांचा आहे. आपला देवदत्त, ग्रीकांचा थिओडोर, तोच उलटा केला की डोरोथिया, रशियाकडचा बोगदान, फारसी खुदादाद, अरबी अताउल्ला. सगळ्यांचा अर्थ एकच. पोर झाल्यावर माणसाला पहिलं काय सुचतं ते ह्यात दिसतं. संस्कृत व्याकरणात तर उदाहरण द्यायचं झालं की देवदत्तच. देवदत्त जातो, देवदत्त भात शिजवतो. बिचाऱ्याला सुट्टी नाही.

केतकी: काका, सिकंदर कंपूतला सिकंदर कुठला?

अण्णा काका: मोहल्ल्याला ते नाव कसं पडलं तो विषय वेगळा. पण सिकंदर हे नाव मूळ ग्रीक, अलेक्झांडर, माणसांचा रक्षणकर्ता. अरबीत ‘अल’ नावाआधी लागतो, तसलाच हा असणार असं समजून तो काढून टाकला. उरला इस्कंदर, मग सिकंदर. मूळ नावाची मान गेली, पण नाव टिकलं. अशी वाटेत घासली गेलेली नावं मला आवडतात. योहानन हिब्रू, त्याचं जॉन, इव्हान, ज्याँ, हुआन, जोवान्नी आणि अरबीत याह्या. एकाच घरचे सहा भाऊ रस्त्यात भेटले तर एकमेकांना ओळखणार नाहीत.

चिन्मय: अण्णा काका, रविवार.

अण्णा काका: हो हो.

मंदार: वारावरून ठेवा ना. घानातल्या अकान लोकांत जन्मवाराचं नाव असतंच. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते ते कोफी अन्नान शुक्रवारचे, 8 एप्रिल 1938. त्यांच्या नावात ‘अट्टा’ही होतं, म्हणजे जुळ्यांपैकी एक. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. बाळ कुठल्या वारी झालं?

नेहा: गुरुवारी.

मंदार: मग अकान मुलगी असती तर ‘या’. 1900 साली इंग्रजांविरुद्ध लढाई उभी करणारी राजमाता ‘या आसांतेवा’, तिच्यातला हा ‘या’.

बंडू मामा: ‘या’ अशी हाक मारली की आळीतले दहा जण चहाला येतील.

सुलभा काकू: 😂😂

केतकी: शेर्पांमध्ये पण असंच आहे ना? दावा, पासांग वगैरे?

अण्णा काका: दावा सोमवार, मिंग्मा मंगळवार, ल्हाक्पा बुधवार, फुर्बा गुरुवार, पासांग शुक्रवार. मूळ तिबेटी. आणि फार लांब कशाला, आपल्या इकडच्या खेड्यांत बुधिया, मंगलिया, शनिचरी आहेतच. त्यांना कोणी अॅपवर अर्थ शोधत नाही.

बंडू मामा: वार काय घेऊन बसलात! बालीत तर सरळ नंबर. पहिलं वायान, दुसरं माडे, तिसरं न्योमान, चौथं केतुत. पाचवं झालं की परत वायान. मुलगा असो की मुलगी.

चिन्मय: मामा, हे तुम्हाला कसं माहीत?

बंडू मामा: बालीला गेलो होतो. ड्रायव्हर वायान, वेटर वायान, मसाजवाला वायान. बिल कुणाला द्यायचं तेच कळेना.

सुलभा काकू: माईंचा निरोप. त्या म्हणतात तसं टाइप करतेय. ‘फार गोजिरवाणं नाव ठेवू नका गं, दृष्ट लागते. माझे दोन भाऊ पाळण्यातच गेले. तिसऱ्याचं नाव आईनं धोंडू ठेवलं, नाकात मुरणी घातली, कुणी विचारलं तर दगड झालाय म्हणून सांगायची. धोंडू नव्वदी बघून गेला.’

अण्णा काका: माईंच्या आईनं केलं तेच मंगोलियात करतात. नेर्गुई म्हणजे ‘नाव नाही’. एनेबिश म्हणजे ‘हा नव्हे’. खुनबिश म्हणजे ‘माणूसच नव्हे’. आजार आला की त्यानं घरात डोकावायचं आणि ‘हा नव्हे’ ऐकून पुढच्या तंबूकडे जायचं. आपल्याकडे दगडू, केरू. इकडे हिंदीत घूरेलाल, घूरा म्हणजे उकिरडा. छेदीलाल आणि नथू हे नाक-कान टोचून वाचवलेले.

बंडू मामा: मग नकोशीही त्यातलीच.

केतकी: नाही मामा. धोंडूचं नाव पोर जगावं म्हणून होतं. नकोशी हे पुढची मुलगी येऊ नये म्हणून, आणि जी आलीय तिनं ते शाळेच्या हजेरीत रोज ऐकायचं. दोन्ही एका पंगतीत बसवू नका. साताऱ्यात 2011 मध्ये 285 मुलींची नावं बदलली, तेव्हा त्यातल्या कित्येकींनी स्वतःचं नाव स्वतः निवडलं होतं.

बंडू मामा: बरोबर बोललीस. मागे घेतो.

नेहा: 👍 केतकी

बंडू मामा: बरं, अस्सल ग्वाल्हेरी नाव ठेवा. राजघराण्यातलं. विषय संपला.

अण्णा काका: कुठलं? जॉर्ज?

नेहा: ??

अण्णा काका: जिवाजीराव महाराजांचं पूर्ण नाव जॉर्ज जिवाजीराव. जन्म 1916. बहिणीचं नाव मेरी कमलाराजे. माधवराव महाराजांनी बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी ह्यांच्यावरून ठेवली. गंमत ही, की जॉर्जचा ग्रीक अर्थ ‘जमीन कसणारा’. म्हणजे शेतकरी. आणि मेरी हिब्रू मिर्यमवरून. तिच्या अर्थावर पंडितांत अजून वाद आहे, कोणी कडू म्हणतं, कोणी लाडकी. आज जॉर्ज कोणाला आठवत नाही, जिवाजीगंज मात्र सगळ्यांना माहीत. दौलतगंजातला दौलतही अरबी. आणि शहाजी, शरीफजी ही भोसल्यांची नावं नगरच्या शाह शरीफ ह्या अवलियाच्या नवसावरून पडली असं परंपरा सांगते. तेव्हा अॅपमध्ये धर्माचा खण निवडून नावं चाळताय, त्याआधी एवढं लक्षात असू द्या.

सुलभा काकू: पुरुषांची नावं झाली. बायकांचं काय? राजमाता 1941 ला लग्न होऊन आल्या तेव्हा लेखा दिव्येश्वरी होत्या. विजयाराजे हे सासरचं नाव. फूलबागेत जिची समाधी आहे ती काशीत जन्मली, म्हणून मणिकर्णिका. तिथल्या घाटाचं नाव. 1842 मध्ये लग्न झालं आणि लक्ष्मीबाई झाली.

सुलभा काकू: आणि आपल्या माई. माहेरी सिंधू. लग्नात अहोंनी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं ‘राधिका’ लिहिलं. शाळेच्या दाखल्यावर सिंधू, पेन्शनवर राधिका, आधारवर राधाबाई, कारण कॅम्पमधल्या मुलानं ऐकलं तसं लिहिलं. माझ्या सासऱ्यांच्या मागं फॅमिली पेन्शन सुरू करायला बँकेत गेलो, तर खिडकीवरचा म्हणतो, ह्या तिघी कोण? प्रतिज्ञापत्र करून ‘सिंधू, राधिका आणि राधाबाई ही एकच व्यक्ती आहे’ असं वकिलाकडून लिहून आणावं लागलं. माई बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘मलाही एकदा वाचून दाखवा, कोण ते.’

नेहा: काकू, हे मला माहीतच नव्हतं.

नेहा: मग माझी एकच अट. अर्थ काहीही असू दे, अक्षर काहीही असू दे. नाव असं हवं, की ती मोठी झाल्यावर कुणाला ते तांदळात पुसावंसं वाटणार नाही. आणि कुणाला वाटलंच, तर तिनं ताट सरकवून द्यावं.

केतकी: मंजूर. आत्या म्हणून मी कानात सांगणार आहे, तेव्हा मलाही आवडलं पाहिजे.

चिन्मय: माईचंच नाव ठेवायचं का? सिंधू?

सुलभा काकू: माई म्हणतात, ‘मी आहे अजून, मला का संपवता?’

मंदार: माझ्या ऑफिसात एक ज्यू मित्र आहे, त्यांच्याकडेही हेच. पूर्व युरोपातले ज्यू जिवंत आजीचं नाव नातीला देत नाहीत. स्पेनकडून आलेले मात्र देतात, मानाचं समजतात. ग्रीक लोकांत पहिल्या मुलाला आजोबांचं नाव मिळतं, एका घरात चार चुलतभाऊ एकाच नावाचे.

अण्णा काका: पेशव्यांकडे बाळाजी, मग बाजीराव, मग पुन्हा बाळाजी. सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडी घ्यायचं नाही, त्यामुळे घरात नानासाहेब. नाना, आबा, बाळ ही अर्धी टोपणनावं अशीच अडचणीतून आली असणार, असं माझं मत.

चिन्मय: ठीक. प वरून. पोल टाकतोय. पूर्वा, पल्लवी, पर्णिका, पद्मजा. रात्री 10 पर्यंत मत द्या.

मंदार: पूर्वाला माझं मत. लहान आहे आणि जर्मनांना म्हणता येईल. इथं जर्मनीत पूर्वी नाव नोंदवताना अधिकारी विचारायचे, मुलगा की मुलगी ते नावावरून कळतं का? ‘किरण’वरून एक कुटुंब घटना न्यायालयापर्यंत गेलं होतं. मुलीचं नाव किरण, निबंधक म्हणाला ह्यावरून मुलगी आहे हे कळत नाही. 2008 मध्ये न्यायालयानं आईवडिलांच्या बाजूनं निकाल दिला. आपल्या प्रत्येक वर्गात दोन किरण असायचे, एक बेंचवर इकडे, एक तिकडे.

केतकी: पूर्वा 7, पल्लवी 4, पर्णिका 1, पद्मजा 2. झालं. आता कोणी काही सुचवू नका.

मंदार: चिन्मय, दाखल्याचं लक्षात ठेव. इंग्रजीत पी, यू, आर लिही. पी, ओ, ओ, आर लिहिलंस तर जन्मभर लोक ‘पुअर’ वाचतील. आणि नावाच्या रकान्यात फक्त तिचं नाव. वडिलांचं मध्ये घुसडू नकोस. माझ्या पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकाच ओळीत आहे, इथं डॉक्टरकडे नंबर आला की ‘हेर वसंत’, म्हणजे ‘श्री. वसंत’, म्हणून पुकारतात. बाबा, तुमच्या नावानं माझे दोन दात काढलेत इथं.

अण्णा काका: माझे शाबूत आहेत.

चिन्मय: जन्मनोंद हॉस्पिटलनं केलीय, नावाविना. नाव 12 महिन्यांत फुकट चढवता येतं, त्यानंतर लेट फी भरून 15 वर्षांपर्यंत. सोमवारी नगर निगमात जातो. स्पेलिंग मंदारदादा सांगतोय तेच.

नेहा: फॉर्म मी भरणार. तुझं अक्षर वाचून राधाबाई होईल.

चिन्मय: 🙏 काकू, घुगऱ्यांना किती भिजवायचे?

सुलभा काकू: अडीच किलो, शनिवारी रात्री. काळे हरभरे आण, काबुली नको. आणि पाळण्याला बांधायला गोफ मी घेऊन येते.